आप्पा खोतांची पाचबारी

१२ नोव्हेंबर १९३४

आज दुकानापुढे दमणी थांबली आणि तीतून आप्पा खोत उतरले. लांज्याच्या पलीकडे त्यांचे गाव. माझी बायको मालन त्याच गावची, म्हणून आप्पा मला तोंडाने जावई म्हणतात आणि वागवतात गड्यासारखे. दमणी हाकायला मालनचा थोरला भाऊ महिपत होता. तो त्यांचे कूळ, आणि पारधीच्या वेळी हाकाऱ्यांचा म्होरक्या.

आप्पांनी जरीच्या शेल्यात गुंडाळलेली बंदूक माझ्या बाकावर ठेवली. बेळगावकडचा कोणी गोरा मळेवाला विलायतेला परत गेला, त्याच्याकडून घेतलेली. एकदा भरली की पाच बार आपोआप, नुसता घोडा ओढत राहायचा. निदान मळेवाल्याने तसे सांगितले होते. आप्पांच्या हातात मात्र ती एक बार काढते आणि रुसलेल्या सुनेसारखी गप्प बसते.

मी म्हटले, "ठेवून जा. रत्नागिरीत हिला हात लावील असा मी एकटाच."

यात बढाई नाही. गाडीतळावरच्या या दुकानात मी स्टोव्ह, शिवणयंत्रे, हार्मोनियम आणि सरकारी परवान्याने बंदुका दुरुस्त करतो. पण गेल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याच्या शस्त्रागारात मी लुईस मशीनगन उघडून जोडल्या आहेत. हे मी कुणाला मुद्दाम सांगत नाही. विषय निघाला तर सांगतो, आणि विषय निघतोच.

आप्पा लोकल बोर्डात आहेत. जाता जाता म्हणाले, "ही चालली, तर बंदुका-काडतुसं विकायच्या तुमच्या परवान्यासाठी कलेक्टरकडे शब्द टाकतो." चार वर्षे या परवान्यासाठी मी कचेरीची पायरी झिजवतो आहे. आता पायरीला विश्रांती मिळेल.

१५ नोव्हेंबर

रोग सापडला. नळीला खालच्या अंगाला एक बारीक भोक आहे. गोळी पुढे गेली की दारूचा वायू त्या भोकातून खालच्या नळकांड्यात शिरतो, तिथल्या दट्ट्याला मागे रेटतो, दट्ट्या रिकामे काडतूस बाहेर फेकतो, आणि परत येताना नवे आत घेतो. स्टोव्हच्या पंपासारखेच, फक्त इथे पंप मारणारा वायू. किती वायू आत घ्यायचा ते ठरवायला पुढे एक चावी आहे, चार खुणांची.

तर या भोकात शेंदूर. दसऱ्याच्या शस्त्रपूजेत खोतीणबाईंनी तेलात कालवून तो बंदुकीला नखशिखांत फासला, आणि नंतरच्या बारांच्या उष्णतेने तो भाजून विटेसारखा झाला. देवाधर्माला माझा विरोध नाही, पण पूजा करताना नाकात बोळे घालू नयेत. स्टोव्हच्या पिनेने भोक मोकळे केले.

महिपत कोर्टाच्या कामाला थांबला आहे, आमच्याकडेच उतरला आहे. जेवताना मी त्याला सगळे समजावून सांगितले. चावी कशी फिरते, नुसत्या बोटांनी कशी निघते, भोक कुठे आहे, त्यात कणभर घाण गेली तर ही हजाराची बंदूक कशी काठी होते. गडी अडाणी, पण ऐकत होता मन लावून.

"म्हंजे भावजी, पयला बार झाला का दुसरा लगीच?"

"लगेच."

"भरायला थांबायचा न्हाय?"

"तीच तर गंमत आहे."

त्यावर त्याचा घास हातातच राहिला. मोठे यंत्र समजले की अडाणी माणसाची भूक जाते, हे मी बसऱ्यालाही पाहिले होते.

मग म्हणाला, "आमी तर पयल्या बाराला उठतांव." हे मला ठाऊक आहे, सगळ्या तालुक्यात तशीच रीत आहे. हाकारे रान उठवत येतात आणि बंदूकवाल्याच्या मोक्याच्या जागेपाशी झुडपात दबून बसतात. बार ऐकला की आरडत, काठ्या आपटत उभे राहतात. ठासणीची बंदूक पुन्हा ठासेपर्यंत गोळीचे भय नसते, आणि बसून राहावे तर जखमी डुक्कर थेट अंगावर येते.

मी म्हटले, "मग आता पाचव्या बाराला उठा."

"डुकराला कोन सांगनार?" महिपत म्हणाला. "आनि आप्पा तर हललं त्यावर झाडतात. तुळसाची म्हस डुकर म्हनून मारली न्हाय का गेल्या साली?"

मी म्हटले, जमाना पुढे चालला की रीतीने मागून यायचे असते. वाक्य मला आवडले, म्हणून इथे लिहून ठेवतो. मालन भात वाढायला आली आणि नुसतीच उभी राहिली.

१८ नोव्हेंबर

मिरजोळ्याच्या सड्यावर, उघड्या कातळावर, बंदूक चालवून पाहिली. आप्पांनी मुद्दाम माणूस पाठवून त्यांच्या बंदुकीच्या परवान्याचा कागद दिला होता. त्यात तिचे वर्णन "शेतसंरक्षणार्थ एक बंदूक" एवढेच आहे. ऐरावताला "एक जनावर" म्हणावे तसे.

चावी पहिल्या खुणेवर ठेवली तर वायू कमी पडतो, रिकामे काडतूस अर्धे आत आणि अर्धे बाहेर अडकते. चौथ्या खुणेवर ते पार करवंदीच्या जाळीत जाते आणि आतला लोखंडी ठोकळा असा आदळतो की कळ माझ्या दातापर्यंत आली. दुसऱ्या खुणेवर मात्र पाचही काडतुसे एकापाठोपाठ, एकाच जागी, परडीत फुले टाकावीत तशी पडली. मी तिथे कातळावर एकटाच हसत उभा होतो. असे काम झाले की मला वाटते, आपण बसऱ्याहून परत आलो ते बरे केले.

महिपतने बंदूक शेल्यात गुंडाळली आणि दमणीतून घेऊन गेला.

३ डिसेंबर

आप्पांचा निरोप. पारधीत एक बार झाला आणि बंदूक बसली. डुक्कर निसटले. बंदूक परत पाठवली आहे, सोबत शब्दही पाठवले आहेत, ते इथे लिहिण्याजोगे नाहीत.

उघडून पाहिली. भोक बुजलेले. या वेळी शेंदूर नव्हे. काहीसा तांबूस, चिकट आणि वर कडक झालेला थर. गंज! कोकणातली खारी हवा ती हीच. असा चिवट गंज मी जन्मात पाहिला नाही. पिन दोनदा वाकली.

६ डिसेंबर

भोक साफ केले, नळकांडे पुसले, दट्ट्याला रॉकेल दाखवले. सड्यावर पाच बार, पाच काडतुसे, एकाच जागी. महिपत न्यायला आला होता, त्याला पुन्हा सगळे समजावले. तो म्हणाला, "भावजी, तुमच्या हातात जादू हाय." मालनचा भाऊ झाला तरी माणसाची पारख आहे त्याला.

२३ डिसेंबर

पुन्हा एक बार. पुन्हा तोच गंज.

आता मात्र मी चक्रावलो. सड्यावर चालते ती रानात का चालत नाही? दिवसभर विचार केला. रानात दव असते. दवात खार असतो. खार आणि दारूचा धूर एकत्र आला की गंज तिप्पट वेगाने चढत असावा. या गंजाला भाजलेल्या काजूच्या टरफलांसारखा उग्र वास येतो, हीही एक नोंद घेण्यासारखी गोष्ट. यावर इंग्रजीत कुणी लिहिले नसेल तर मी लिहीन म्हणतो.

चावी तिसऱ्या खुणेवर ठेवून देतो. वायू जास्त आला तर गंजाला फेकून देईल.

६ जानेवारी १९३५

नाही फेकले. आप्पा स्वतः आले आणि भर गाडीतळावर मला म्हणाले, "बसऱ्याला भांडी घासत होतात काय?" समोरच्या उपाहारगृहातली माणसे चहा सोडून बाहेर आली. मी दवाचा सिद्धांत सांगायला घेतला तर म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." माझे कान तापले. अठरा वर्षे या हातांवर मी जगतो आहे. परवान्याचे सोडा, पण लोकांनी मला हसावे?

आत आलो तर मालन म्हणाली, "तुमचं काम चांगलंच हाय वो. बंदुकीचं नशीब तसं." बायकांना यंत्रातले काय कळणार, तरी बरे वाटले.

९ जानेवारी

कमान, म्हणजे स्प्रिंग, बदलून पाहिली. काडतुसांना ऊन दाखवले. दट्ट्याला नवी कडी बसवली. सड्यावर घड्याळासारखी चालते.

महिपत आला होता. त्याच्या बोटांची सालपटे निघाली आहेत, पेरे काळी पडली आहेत. विचारले तर म्हणतो काजूच्या टरफलांचे तेल लागले. दमणीच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावतो. मी त्याला खोबरेल लावायला सांगितले आणि पुढच्या वेळी काठीला फडके बांधून तेल लावत जा म्हटले. साध्या साध्या गोष्टी यांना सांगाव्या लागतात. बंदूक त्याच्याबरोबर धाडली.

२७ जानेवारी

एक बार.

२० फेब्रुवारी

बंदूक परत आली, सोबत आप्पांचा शेवटचा निरोप. शिमग्याच्या पारधीला मामलेदार पाहुणे येणार. त्यांच्यासमोर पाच बार झाले तर परवान्याची शिफारस त्याच दिवशी. नाही झाले तर माझ्या दुरुस्तीच्या परवान्याबद्दलही ते "वर बोलतील". म्हणजे दुकानच बंद. दुष्काळात तेरावा महिना.

मी ठरवले आहे. आता ही बंदूक माझ्या हातातून सुटणार नाही. पारधीपर्यंत माझ्या पेटीत कुलपात राहील, मी स्वतः मोटारने घेऊन जाईन, आणि आप्पांच्या हातात देण्याआधी भोकात पिन घालून पाहीन. बघू दव काय करते ते.

१४ मार्च

महिपत बंदूक न्यायला आला होता. मी नाही म्हटले. त्याने पुन्हा मागितली. म्हणाला, गावदेवीपुढं ठेवायची हाय, गाऱ्हाणं घालायचं हाय. मी म्हटले, देवीला माझा नमस्कार सांगा, बंदूक माझ्याबरोबर येईल. तो ओसरीवर बराच वेळ बसून राहिला. पाणीही न पिता गेला.

१६ मार्च

निघायची तयारी. पेटी बांधताना मालन पुढे येऊन म्हणाली, "नका नेऊ ती."

"का?"

"दादा हाकाऱ्यात हाय."

"बंदूक डुकरासाठी आहे, तुझ्या दादासाठी नाही."

"पयल्या बाराला तो उठनार. पाय आपसूक उठतात त्यांचे. आनि आप्पा घोडा सोडनार न्हाय."

मी म्हटले, मग त्याला बसायला सांग. ती म्हणाली, "सांगितलं. तो म्हनतो, बसलो तर डुकर, उठलो तर आप्पा." आणि ती रडली. मला तिचा रागच आला. चार महिने माझी अब्रू चव्हाट्यावर आहे, तिला भाऊ दिसतो. शिवाय आप्पा कितीही उतावळे असले तरी मामलेदारांसमोर माणसावर थोडीच झाडतील.

हातखंब्याला मोटार थांबली तेव्हा पेटी उघडून पिन घालून पाहिली. भोक आरशासारखे स्वच्छ.

१७ मार्च

नखांतली माती अजून निघाली नाही. तरी लिहितो.

सकाळी बंदूक आप्पांच्या हाती दिली, चावी दुसऱ्या खुणेवर. मला वाटले होते मोक्याच्या जागेवर, मामलेदारांच्या मागे का होईना, मला उभे करतील. आप्पा म्हणाले, "इथं गर्दी नको, मिस्त्री. तुम्ही हाकाऱ्यांबरोबर जा." बसऱ्याच्या माणसाला हाकाऱ्यांत! पण जागा त्यांची, रान त्यांचे.

महिपतने मला पाहिले आणि तोंड फिरवले. शेजारी बाबल्या नावाचा एक हाकारा होता. आम्ही रान उठवत खाली आलो आणि झुडपात दबून बसलो. पुढे पाने हलली. डुक्कर असावे.

पहिला बार झाला.

मी उभा राहिलो. खरे सांगतो, मी ठरवले नव्हते. मला ठाऊक होते की आत अजून चार आहेत. माझ्याइतके ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हते. पण सगळे उठले, आरोळी झाली, आणि माझे पाय उठले. लहानपणी आजोळी हाकाऱ्यात गेलो होतो, तीच सवय. लगेच दुसरा बार झाला. आणि देवाशपथ, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की वा, काय सुरेख चालली.

तिसऱ्या बाराला महिपतने माझे धोतर धरून मला खाली ओढले. बाबल्या ओरडला. चौथा आणि पाचवा डोक्यावरून गेले. करवंदीची पाने आमच्यावर पडत होती. तेवढा वेळ माझे तोंड मातीत होते, आणि तोंडाशी महिपतचा हात होता. सालपटलेली, काळी बोटे. त्यांना गंजाचा वास येत होता.

बाबल्याचा अर्धा कान गेला. गोळी बोटभर इकडे असती तर बाबल्याच गेला असता. डुकराला काही झाले नाही.

आप्पा मामलेदारांना सांगत होते, "पाहिलंत? पाचच्या पाच." मामलेदारांनी टाळ्या वाजवल्या. बाबल्याला पुढे आणला तर आप्पा म्हणाले, "काट्यानं फाटला." मामलेदार म्हणाले, "इकडचे काटे फार वाईट." मग दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी धोतरावरची माती झटकू लागलो. आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि शिफारस तिथेच कारकुनाला सांगून लिहवून घेतली.

मी महिपतला विचारले, "मला का नाही सांगितलंत?"

तो म्हणाला, "तुमाला पयल्याच दिशी सांगितलं, भावजी. पानावर."

१९ मार्च

घरी आलो. मालनने महिपत कसा आहे एवढेच विचारले. मी बरा म्हटले. मला लाज वाटते. दवावर इंग्रजीत लिहिणार होतो.

२१ मार्च

आप्पांनी बंदूक तेलपाण्यासाठी पाठवली आहे. रंगपंचमीला मोठी पारध आहे, कलेक्टर कचेरीतले साहेब येणार, शिफारस त्यांच्या हाती द्यायची आहे.

दार लावून बसलो. तांब्याची बारीक तार घेतली, भोकाच्या मापाने कानशीने घासली, ठोकून भोकात बसवली, दोन्ही बाजूंनी साफ केली, वर धुराची काजळी धरली. खुद्द बसऱ्याच्या साहेबाने भिंग लावून पाहिले तरी तिथे भोक होते असे तो म्हणणार नाही. इतके बारीक काम मी आजवर केले नाही. चावी आता कुठल्याही खुणेवर फिरवा.

२६ मार्च

रंगपंचमीला साहेबांपुढे एक बार झाला. आप्पा आज थेट दुकानात. गाडीतळावरची सगळी माणसे दाराशी.

मी ठरवले होते तसे बोललो. म्हटले, "आप्पा, ही मला जमत नाही. त्या दिवशी चालली ती नशिबाने. माझ्या विद्येबाहेरची आहे."

मी बंदूक शेल्यात गुंडाळू लागलो.

आप्पा म्हणाले, "मग मुंबईला पाठवतो. तिथं खरे कारागीर आहेत."

"जरूर पाठवा," मी म्हटले. "फक्त ते परवाना बघायला मागतील. त्यावर शेतसंरक्षणाची एक बंदूक आहे. असली बंदूक शेतावर कशाला लागते, हे ते पोलिसांना विचारतील."

आप्पांचा हात मिशीवर गेला. मग शिफारशीचा कागद फाडून माझ्या बाकावर टाकला, बंदूक उचलली आणि म्हणाले, "एक बार तर एक बार. ठासायला तरी लागत नाही." दारातले लोक हसले. ते आप्पांना हसले नाहीत.

दुरुस्तीच्या परवान्याबद्दल ते वर बोलणार की नाही, ते कळले नाही. बहुतेक विसरतील. माझी आठवण ठेवण्याइतका मी आता मोठा राहिलो नाही.

७ एप्रिल

समोरच्या उपाहारगृहवाल्याने दुरुस्तीला दिलेला स्टोव्ह परत नेला. म्हणाला, ज्याला बंदूक उमगली नाही त्याच्या हातात आग कशाला द्या. मला राग आला. खरोखर आला. जिभेच्या टोकावर सगळे होते: भोक, तार, कानशीचे काम. त्याला बसवून दाखवावे असे वाटले. स्टोव्ह गुंडाळून दिला.

दुपारी महिपत आला. काल पुन्हा पारध होती. आम्ही दोघे पानावर बसलो तेव्हा मालनने विचारले, "बार किती झाले?"

"एक," महिपत म्हणाला. "आमी उठलो."

ती भाकऱ्या घेऊन आली. पाहुण्याला आधी वाढायचे हा या घरचा शिरस्ता, आणि हा तर तिचा थोरला भाऊ. आज तिने पहिली भाकरी माझ्या पानात घातली. महिपतने पाहिले आणि पान जरा मागे सरकवून वाट पाहत बसला.